वाचन-तासिका आणि समितीबाहेरचे वर्गशिक्षक: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षातले आहे. संस्था, शाळा किंवा व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून सगळ्यांचा उल्लेख पदाने केला आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी तेव्हा या संस्थेच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे काम पाहत होते. समितीच्या बैठकांची टिपणे माझ्याकडे होती आणि शाळांमध्ये येणे-जाणेही होते. शिक्षणातल्या सुधारणांवर भरपूर बोलले जाते, पण ज्या वर्गात त्या उतरायच्या असतात तिथल्या शिक्षकाला त्या चर्चेत जागा का मिळत नाही आणि मिळाली तर नेमके काय बदलते, हे या एका प्रकरणात बरेच स्पष्ट दिसले. म्हणून ते सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

संस्था जुनी आहे. ठाणे शहरात दोन आणि ऐरोली-दिघा पट्ट्यात एक अशा मराठी माध्यमाच्या तीन अनुदानित प्राथमिक शाळा, ठाण्यातल्या एका आवारात माध्यमिक विभाग आणि अलीकडे काढलेली एक स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा. मराठी शाळांचा पट वर्षागणिक घसरतो आहे. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या सरकारी प्रक्रियेत, पद जाते आणि पद गेले की कोणीतरी अतिरिक्त ठरते. शिक्षकांच्या खोलीतल्या प्रत्येक संभाषणाखाली ही भीती असते. पुढचे सगळे वाचताना ती ध्यानात ठेवावी लागेल.

दिघ्याकडच्या शाळेतली बरीच मुले ठाणे-बेलापूर रस्त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वस्त्यांमधून येतात. पालक नाक्यावर उभे राहणारे बिगारी, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या बाया. काही घरांत गोरमाटी ही बंजारा समाजाची बोली बोलतात, काहींत भोजपुरी, काहींत मराठवाड्याची मराठी. इमारत एकच असल्याने शाळा दोन अधिवेशनांत भरते. सकाळचे अधिवेशन सुटायच्या आत दुपारची मुले फाटकाशी जमलेली असतात.

केंद्र सरकारचे ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित करता यावे, हे त्याचे उद्दिष्ट. तिसरीसाठी वाचनाचे लक्ष्य आहे मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. आपल्या शाळा यात मागे पडू नयेत अशी संस्थेच्या सचिवांची मनापासून इच्छा होती आणि तिच्याबद्दल मला आजही आदर आहे. त्यांनी ‘गुणवत्ता सुधार समिती’ नेमली. समितीत सचिव, एक निवृत्त शिक्षणाधिकारी, एक सल्लागार, टॅब देणगीदाखल देणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी आणि माध्यमिक विभागाचे मुख्याध्यापक होते. प्राथमिकचा एकही वर्गशिक्षक नव्हता. तसा निर्णय कोणी ठरवून घेतला असे नाही. नावे लिहिताना ते कोणाच्या मनातच आले नाही.

समितीने ठरवले ते असे. दुसरी ते पाचवीच्या मुलांची सुरुवातीला चाचणी घ्यायची. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा स्तरांचे गट करायचे. रोज दीड तास मुलांनी आपापला वर्ग सोडून स्तराच्या गटात बसायचे. दर आठवड्याला प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे वाचन टॅबवर नोंदवायचे. स्तरानुसार गट करण्याची कल्पना ‘प्रथम’सारख्या संस्थेने अनेक वर्षे राबवलेली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. प्रश्न कल्पनेचा नव्हता. मार्चच्या अंदाजपत्रकात पैसे मंजूर झाले, मे महिन्यात अ‍ॅप घेतले आणि शिक्षकांना हे सारे जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या दिवशीच्या सभेत कळले.

अडचण कशी पुढे आली

पहिले दोन महिने ठीक गेले. अ‍ॅपवर प्रत्येक वर्गाचा लाल, पिवळा आणि हिरवा असा आलेख दिसायचा आणि हिरवे वाढत होते. दिवाळीनंतर दिघ्याच्या शाळेतली तिसरी एकदम खाली आली, पाचवी जागच्या जागी राहिली. समितीच्या बैठकीत निष्कर्ष निघाला की शिक्षक तासिका गांभीर्याने घेत नाहीत. वर्गशिक्षकांकडून लेखी खुलासा मागवण्यात आला.

आलेले खुलासे मी वाचले. जवळजवळ सगळे एकाच साच्याचे होते: ‘विद्यार्थ्यांची अनियमित उपस्थिती व पालकांची उदासीनता यामुळे प्रगती कमी आहे. यापुढे दक्षता घेण्यात येईल.’ त्याच आठवड्यात मी त्याच शिक्षकांसोबत मधल्या सुट्टीत बसले होते. तिथे जे ऐकले त्यातले एक अक्षरही खुलाशात नव्हते.

तिथे कळले ते असे. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलेली मुले लगेच परतत नाहीत. रब्बीची पेरणी, लग्न, जत्रा, काही ना काही असते आणि आई-वडील एकदमच परततात. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी होते. त्याआधीची प्रशिक्षणे आणि प्रत्यक्ष निवडणुकीचे काम यांत तिसरीच्या बाई आणि पाचवीचे सर दोघेही होते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावायला मनाई करते, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना त्यातून वगळते. त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. अ‍ॅपला मात्र यातले काही ठाऊक नव्हते. ज्या आठवड्यात तासिका झालीच नाही, त्या आठवड्यातही त्याने आलेख काढला.

पाचवीचे दुखणे निराळे होते. अक्षर-स्तरावर अडकलेली पाचवीची काही मुले दुसरीच्या मुलांशेजारी बसवली गेली. त्यांतल्या मोठ्या मुली आधी गप्प झाल्या, मग त्या वेळेला पाणी प्यायला म्हणून बाहेर जाऊ लागल्या, मग आठवड्यातून दोन-दोन दिवस घरीच राहू लागल्या. पाचवीच्या सरांच्या हजेरीपटावर हे स्पष्ट दिसत होते. ते मुख्याध्यापकांना दोनदा बोललेही होते. मुख्याध्यापकांनी ते वर नेले नाही, कारण वर नेण्यासाठी बैठकीच्या विषयपत्रिकेत तसा विषयच नव्हता.

आता तिसरीच्या बाईंचा मुद्दा. त्यांच्या टाचणवहीच्या, म्हणजे रोजच्या पाठाच्या तयारीच्या वहीच्या, समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदी होत्या. एका मुलाच्या नावापुढे लिहिले होते: ‘शेतकऱ्याने – आधी शेतकराने, थांबला, चित्र पाहिले नाही, स्वतः दुरुस्त केले.’ अ‍ॅपमध्ये त्याच वाचनाची नोंद एक चूक, वेग कमी, रंग पिवळा. बाई म्हणाल्या, “हा मुलगा थांबतोय म्हणजे त्याला कळतंय की आपण वाचलं ते जुळत नाहीये. माझ्या वर्गात चारजण धडाधड वाचतात, हिरवे आहेत, आणि गोष्टीत काय झालं विचारलं तर छताकडे बघतात.”

वाचायला शिकवणाऱ्या कोणालाही हे निरीक्षण किती मोलाचे आहे ते कळेल. स्वतःची चूक स्वतः सुधारणे हे आकलनाचे लक्षण आहे आणि तेच शिक्षेला पात्र ठरत होते. सरकारी लक्ष्यात अर्थ समजून वाचण्याची अट आहे, टॅबमध्ये ती उतरलीच नव्हती. भर म्हणजे मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘शेतकऱ्यांकडूनसुद्धा’ हा एक शब्द धरायचा आणि ‘तो घरी आला’ हे तीन. परिच्छेदात असे लांब शब्द किती आहेत यावर मुलाचा वेग ठरतो. चाचणीतले परिच्छेद दर आठवड्याला वेगळे असत आणि या अंगाने ते कोणी तपासले नव्हते.

इतके सारे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी खुलाशात दोन साचेबंद वाक्ये का लिहिली? मी हे थेट विचारले. एक ज्येष्ठ शिक्षिका म्हणाल्या, “खुलासा म्हणजे आरोपाचं उत्तर. त्यात कोणी अभ्यास मांडत नाही, आपली सुटका बघतं.” दुसऱ्यांनी योजनांची मालिका सांगितली. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले, तेव्हा साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांना भेटी देऊन सगळ्यांनी वर्गाच्या जमिनी रंगवल्या. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने आली आणि २०२५-२६ साठी ती काढून टाकण्याचा निर्णय झाला. प्रत्येक वेळी येणाऱ्या आणि जाणाऱ्या आदेशाप्रमाणे वर्ग बदलायचा. आदेश का आला आणि का गेला, हे वर्गातल्या माणसाला वर्तमानपत्रातून कळायचे. अशा अनुभवानंतर माणूस बोलायचे सोडून देतो आणि आपल्या वर्गापुरते जमेल ते करत राहतो. बाहेरून हे औदासीन्य वाटते. मला ते तसे कधीच वाटले नाही.

समोर आलेले पर्याय

डिसेंबरमध्ये सचिवांनी एक बैठक बोलावली. काही तरी चुकते आहे याची त्यांना जाणीव होती. चार पर्याय चर्चेला आले.

पहिला पर्याय कंपनीच्या प्रतिनिधींचा: सगळ्या शिक्षकांना गुगल फॉर्म पाठवून सूचना मागवाव्यात. स्वस्त, झटपट आणि सगळ्यांना विचारल्याचे समाधान. याला निवृत्त शिक्षणाधिकाऱ्यांनीच हरकत घेतली, याचे मला विशेष वाटले. ते म्हणाले की मोठ्या आकड्यांनी विचारले म्हणजे नेमके विचारले असे होत नाही. त्यांनी उदाहरण दिले ते राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या त्या धोरणासाठी अडीच लाख ग्रामपंचायती, ६,६०० गट, ६,००० नागरी स्थानिक संस्था आणि ६७६ जिल्ह्यांतून सूचना आल्याचे सरकारने सांगितले होते. ही मोजणी भूगोलाची आहे, त्यातून तिसरीचा वर्ग चालवणाऱ्या शिक्षकाने काय सांगितले आणि त्याचे पुढे काय झाले, हे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. सेवेत असताना त्यांनी स्वतः अशा कितीतरी सूचनांचे गठ्ठे वर पाठवले होते.

दुसरा पर्याय समितीत एक शिक्षक-प्रतिनिधी घेण्याचा. यावर सचिव म्हणाले, “शिक्षकांचा आवाज नाही असं कसं म्हणता? संघटना आहेत, विधान परिषदेत शिक्षक आमदार आहेत.” बैठकीला खास बोलावलेल्या ठाण्याच्या शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षिकेने शांतपणे सांगितले की प्राथमिक शिक्षक शिक्षक आमदाराला मत देत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे या मतदारसंघात मत द्यायला माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या नसलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान तीन वर्षे अध्यापन केलेले असावे लागते. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून कोकण विभागाचा एक शिक्षक मतदारसंघ आहे, पण पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्या प्राथमिक शाळेतल्या बाईंचे नाव त्या यादीत नसते. खोलीतल्या बहुतेकांना ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली. संघटनांबद्दलही त्या स्पष्ट बोलल्या. पगार, जुनी पेन्शन, संचमान्यता हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांसाठी लढावे लागतेच. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच झाला. पण मुलाने ‘शेतकऱ्याने’ हा शब्द दुरुस्त करून वाचला तर गुण द्यायचा का, हा प्रश्न कुठल्या निवेदनात घालायचा?

शाळा व्यवस्थापन समितीचाही विषय निघाला. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि ते योग्यच आहे, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांत तिची भूमिका केवळ सल्ल्यापुरती आहे. म्हणजे तो दरवाजाही अर्धाच उघडा.

तिसरा पर्याय कार्यक्रम थांबवण्याचा. तो काही शिक्षकांनाच हवा होता. मला तो मान्य नव्हता आणि तिसरीच्या बाईंनाही नव्हता. कारण सुरुवातीच्या चाचणीने काही गोष्टी शिक्षकांच्या समजुतीविरुद्धही दाखवल्या होत्या. मागच्या बाकावर बसणाऱ्या, कधी तोंड न उघडणाऱ्या दोन-तीन मुली ‘कच्च्या’ म्हणून धरल्या गेल्या होत्या. चाचणीत त्या सलग गोष्ट वाचून गेल्या. बाईंनी हे उघडपणे सांगितले. वर्गशिक्षकाला वर्ग ठाऊक असतो, तरी त्याच्या नजरेतूनही मुले सुटतात. म्हणून आकडेही हवेत.

चौथा पर्याय यातूनच आकाराला आला: उरलेल्या सत्रात दिघ्याची शाळा आणि ठाण्यातली एक शाळा यांना तासिकेची आखणी स्वतः करू द्यायची. शिक्षकांनी वर्गनोंदी ठेवायच्या आणि समितीने आकड्यांच्या आधी त्या नोंदी ऐकायच्या.

प्रत्यक्षात काय केले

निर्णय झाला चौथ्या पर्यायाचा, पण तो कागदावरून वर्गात येताना तीन ठिकाणी अडला. या प्रकरणातून घेण्यासारखे बरेचसे त्या अडण्यातच आहे.

पहिली अडचण वेळेची. नोंदी लिहायच्या कधी? सचिवांच्या मनात होते, घरी लिहाव्यात. इथे शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची कामी आली. शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ कामाचे तास सांगितले आहेत आणि त्यांत तयारीचे तास धरलेले आहेत. नोंद हे तयारीचे काम आहे, म्हणून ते शाळेच्या वेळेतच व्हायला हवे, असा मुद्दा मी मांडला. दीड तासाची तासिका सव्वा तासाची झाली. शेवटची पंधरा मिनिटे मुले हव्या त्या गोष्टीचे पुस्तक हाताळतील आणि शिक्षक अर्ध्या पानावर लिहील: आज काय करून पाहिले, कोणत्या मुलाने काय केले, मला काय हवे आहे. मुलांचे हे पंधरा मिनिटांचे मुक्त वाचन पुढे तासिकेचा सगळ्यात आवडता भाग ठरला. ते कोणी योजलेले नव्हते.

दुसरी अडचण आकडे भरण्याची. साप्ताहिक चाचणी मासिक करायला सल्लागार नाखूश होते. प्राथमिक शाळेत लिपिक नाही, त्यामुळे टॅबवरची सगळी भरती शिक्षकाच्याच माथी. शेवटी चाचणी महिन्यातून एकदा आणि भरतीचे काम माध्यमिक विभागाच्या लिपिकाकडे, असे ठरले. लिपिकांनी तक्रार केली. ती रास्त होती, पण संस्थेने ती ऐकून घेऊनही निर्णय कायम ठेवला.

तिसरी अडचण बैठकीची. समिती शनिवारी सकाळी अकराला ठाण्यात जमायची. त्या वेळी सकाळच्या अधिवेशनातले शिक्षक वर्गावर असतात. ‘तुम्हाला बोलावले होते, तुम्ही आला नाहीत’ हे वाक्य जन्माला येते ते अशा वेळापत्रकातून. बैठक दुपारी एकला ठेवली आणि एकाआड एक दिघ्याच्या शाळेत घ्यायची ठरली. समितीचे सदस्य ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ऐरोलीला उतरले आणि दोन अधिवेशनांची मुले एकाच जिन्यावरून एकाच वेळी चढ-उतार करताना त्यांनी पाहिली. दीड तासाच्या गटांना खोल्या कुठून आणायच्या, हा प्रश्न त्यानंतर कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

फेब्रुवारीतली बैठक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विषयपत्रिकेवर पहिला विषय वर्गनोंदींचा होता. तिसरीच्या बाईंनी फोनवर केलेली ध्वनिमुद्रणे आणली होती, मुलांची नावे न सांगता. आधी एका ‘हिरव्या’ मुलाचे वाचन ऐकवले: वेगवान, सपाट, पूर्णविरामावर न थांबता पुढे गेलेले. मग बाईंनी त्याला विचारलेला प्रश्न आणि त्यानंतरची त्याची लांब शांतता. मग ‘पिवळ्या’ मुलाचे वाचन. ‘शेतकरा...’, थांबणे, पुटपुटणे, ‘शेतकऱ्याने’, आणि पुढे, “बाई, म्हणजे त्यानेच बैल विकला ना? मग तो रडतो कशाला?”

निवृत्त शिक्षणाधिकाऱ्यांनी दुसरे वाचन पुन्हा ऐकवायला सांगितले. सल्लागार म्हणाले की मोजमाप एकसारखे राहायचे तर चूक ही चूकच धरावी लागेल. चर्चा तापली. सल्लागारांच्या म्हणण्यात तथ्य होते: प्रत्येक शिक्षक आपापल्या मनाने सूट देऊ लागला तर दोन वर्गांची तुलना होणार नाही. शेवटी नियम असा झाला की स्वतः केलेली दुरुस्ती चुकीत धरायची नाही, वेगळ्या रकान्यात लिहायची. प्रत्येक वाचनानंतर दोन प्रश्न विचारायचे, त्यांतला एक उत्तर थेट मजकुरात नसलेला. परिच्छेद आधी तीन शिक्षकांनी वाचून लांब जोडशब्दांच्या अंगाने सारखे करून घ्यायचे. समितीने एखाद्या वर्गशिक्षिकेच्या पुराव्यावरून मोजण्याचा नियम बदलण्याची ही पहिलीच वेळ होती.

पाचवीसाठी निर्णय लवकर झाला. हजेरीपट समोर ठेवल्यावर वाद राहिला नाही. मोठी मुले आपल्याच वर्गात राहतील आणि त्यांना त्यांच्या वयाला शोभेल असे सोपे वाचन दिले जाईल. सरांनी क्रिकेटच्या बातम्या, रेल्वेच्या सूचना, दुकानांच्या पाट्या यांतून मजकूर तयार केला. ‘कमळ, बदक’ यापेक्षा ‘घणसोली, रबाळे, तुर्भे’ ही स्थानकांची नावे त्या मुलांनी कितीतरी उत्साहाने वाचली.

परिणाम

वर्षअखेरीस तिसरीतल्या मुलांचे वाचन सुधारले. त्यातले किती नव्या नियमांमुळे, किती मुले गावाहून परतल्यामुळे आणि किती नुसते वय वाढल्यामुळे, हे वेगळे काढता येत नाही आणि मी तसा दावा करणार नाही. पाचवीच्या मुली त्या तासिकेला बसू लागल्या, हे हजेरीपटावर दिसते. खुलासे मागवणे बंद झाले. नोंदींमध्ये मात्र फरक होता. काही शिक्षकांनी अगदी बारकाईने लिहिले, काहींनी जानेवारीपासून एकच वाक्य फिरवले. एका शिक्षिकेने मध्येच सांगून टाकले की त्यांना हे जमणार नाही, घरी आजारी सासूबाई आहेत. त्यांच्यावर जबरदस्ती झाली नाही.

न झालेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. अ‍ॅपमध्ये दुरुस्तीचा रकाना घालता आला नाही, तो कागदावरच राहिला. त्यामुळे संस्थेच्या वार्षिक अहवालात छापलेले आकडे जुन्याच पद्धतीचे आहेत. दिवाळीनंतरच्या गैरहजेरीवर कोणाकडेच तोडगा नव्हता. इंग्रजी शाळेने हा प्रकार घेतला नाही. तिथले शिक्षक कंत्राटी आहेत आणि त्यांना कोणी विचारले नाही.

वर्ष संपता संपता राज्यात पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला. एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, जूनमधला सुधारित निर्णय आणि २९ जून रोजी दोन्ही मागे घेतल्याची घोषणा, असा तो प्रवास. आमच्या पहिलीच्या बाईंनी वर्गनोंदींच्या शेवटच्या पानावर, कोणी न सांगता, आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांची यादी करून ठेवली होती आणि कोणते मूल शाळेत मराठीत पहिले पूर्ण वाक्य साधारण कधी बोलले, तेही टिपले होते. बाजूने किंवा विरोधात बोलणाऱ्या कोणालाही ही माहिती हवीच होती. राज्यभरात अशा किती वह्या कपाटांत असतील!

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

सगळ्यात मोठी चूक डिसेंबरमध्ये दिसली तरी ती घडली मार्चमध्ये. पैसा मार्चमध्ये मंजूर होतो, साधने मे महिन्यात घेतली जातात, घोषणा जूनमध्ये होते आणि शिक्षकाला विचारले जाते ते काही बिघडल्यावर. अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत वर्गशिक्षकांना बसवले असते, तर अ‍ॅप घेतानाच दुरुस्तीचा रकाना आणि आकलनाचे प्रश्न मागता आले असते. खरेदी झाल्यावर ते कागदावर करण्यापलीकडे काही उरत नाही.

वर्षाची आखणी करताना सुट्ट्या, निवडणुकीची कामे, मुलांची गावी जाण्याची वेळ हे सगळे एका तक्त्यावर आधी मांडायला हवे होते. ते कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही जुन्या शिक्षकाने अर्ध्या तासात मांडले असते.

दोन शाळा निवडल्या, त्यामुळे तिसऱ्या शाळेतल्या शिक्षकांना आपण वगळले गेलो असे वाटले. तिथे निदान महिन्यातून एकदा नोंदी वाचून दाखवायला हव्या होत्या. पालकांचा, विशेषतः गोरमाटी आणि भोजपुरी बोलणाऱ्या घरांतल्या आयांचा सहभाग तर सगळ्यांच्याच आखणीतून सुटला. मुलांच्या घरच्या भाषेबद्दल आम्ही शिक्षकांकडून ऐकले, आयांकडून नाही.

प्रतिनिधी निवडण्याबाबत माझे मत पक्के झाले आहे. मुख्याध्यापकांनी नाव सुचवले की बोलके आणि सोयीचे नाव येते. इथे ज्या इयत्तेचा प्रश्न होता त्या इयत्तेच्या सगळ्या शिक्षकांना बोलावले, म्हणून काम झाले. तिसरीच्या बाई एरवी सभेत बोलणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यांच्याकडे वही होती, आणि वही ऐकून घेणारी बैठक त्यांना मिळाली.

जूनमध्ये संस्थेने नियम लेखी केला: समितीत प्राथमिकचे दोन वर्गशिक्षक असतील, दरवर्षी बदलतील, त्यांच्या नोंदी पहिल्या विषयात ऐकल्या जातील, मोजमापाचा नियम त्यांच्या सहीशिवाय बदलणार नाही आणि बैठकीच्या दिवशी त्यांच्या वर्गावर बदली शिक्षक दिला जाईल. शेवटच्या कलमाला पैसे लागतात. ते संस्थेच्या निधीतून द्यायचे की शाळांच्या किरकोळ खर्चातून, यावर एकमत झाले नाही. जुलैच्या बैठकीला दिघ्याच्या शिक्षिका येऊ शकल्या नाहीत, कारण त्यांचा वर्ग सांभाळायला कोणी नव्हते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर बदली शिक्षकाच्या मानधनाचा विषय पहिला घ्यावा, असे पत्र दोन्ही शिक्षक-सदस्यांनी सचिवांना दिले आहे आणि निवृत्त शिक्षणाधिकाऱ्यांनीही त्यावर सही केली आहे.